चालू काळ आणि चालू खातं

इंग्रजीत वर्तमानकाळ मुख्यतः दोन. एक साधा, दुसरा चालू. यातला साधा नावाइतका साधा नाही, आणि चालू मात्र नावाप्रमाणेच चालू! 'आय ड्रिंक टी' म्हणणाऱ्याच्या हातात त्या वेळी कपबशी असेलच असं नाही; ती त्याची सवय झाली. कप तोंडाला लागला की 'आय ॲम ड्रिंकिंग'. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर साधा काळ म्हणजे बचत खातं. सवयी, सनातन सत्यं, ज्ञान, प्रेम, मालकी सगळं त्यात पडून राहतं. रोजची उलाढाल चालू खात्यात. स्वतःचा फ्लॅट असेल तर 'आय लिव्ह इन डोंबिवली'. अकरा महिन्यांचा करार असेल तर 'आय ॲम लिव्हिंग'.

आपल्याकडून या दोन खात्यांची हमखास गल्लत होते. त्या गल्लतीवर लोकांनी पोटभर हसून घेतलेली एक कविता आहे: निसीम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.'. इझिकेल (१९२४–२००४) मुंबईचे, बेने इस्रायली घरातले, इंग्रजीचे प्राध्यापक. ही कविता त्यांच्या १९७६ सालच्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात आहे. कविता म्हणजे निरोप समारंभातलं एक भाषण. मिस पुष्पा परदेशी निघाल्या आहेत आणि कोणी एक वक्ता 'दोन शब्द' बोलायला उभा आहे. त्याची जवळजवळ सगळी क्रियापदं चालू काळात.

हसणाऱ्यांबद्दल माझी पहिली तक्रार हिशेबाची आहे. बाई दोन-तीन दिवसांत निघत आहेत आणि त्यासाठी आपण आज जमत आहोत, असं वक्ता सुरुवातीलाच चालू काळात सांगतो. क्रियापदापुरतं हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. ठरलेल्या प्रवासाला खुद्द इंग्रजही हाच काळ लावतो. पण ऐकणारी मंडळी तिथपासूनच फिदीफिदी हसायला लागतात. म्हणजे बरोबर नोंदीलाही लाल शाई!

पुढे मात्र गल्लत होते, हे खरं. बाईंचा गोडवा सर्वांना ठाऊक आहे, हेसुद्धा वक्ता चालू काळात टाकतो. बाई मोठ्या घराण्यातून 'येत आहेत' म्हणतो, तेव्हा त्यांची गाडी अजून वाटेतच असावी असं वाटतं. पण ही चूक येते कुठून? आपल्या 'आहे'मधून. 'मला माहीत आहे', हिंदीत 'जानता हूँ', गुजरातीत 'जाणुं छुं'. प्रत्येकाच्या शेपटाला काहीतरी आहेच. ते शेपूट इंग्रजीत नेऊन 'ॲम' म्हणून बसवलं की व्हाउचरमागे शिक्का यावा तसं 'इंग' आपोआप येतं. हा अडाणीपणा नव्हे, प्रामाणिक भाषांतर आहे.

दुसरी तक्रार कवीबद्दल. मी एक प्रयोग केला. भाषणातले सगळे काळ दुरुस्त करून पाहिले. उरलं काय? बाई गोड. बाई हसतमुख. बाई कुठल्याही कामाला नाही म्हणत नाहीत. वडील नामवंत वकील. पण बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे, की सुरतेचे, ते वक्त्याला आठवत नाही. आठवतं काय, तर आपण सुरतेत कोणाकडे उतरलो होतो आणि त्या घरचा स्वयंपाक! पुष्पाबाई राहिल्या बाजूला.

अहो, हे तर कुठल्याही कचेरीतलं निरोपाचं भाषण! शाल, श्रीफळ, 'मनमिळाऊ स्वभाव', आणि मग वक्त्याची स्वतःची नागपूरला झालेली बदली. तेही शुद्ध मराठीत, एकही काळ न चुकता. बाईंनी इतकी वर्षं नेमकं काय काम केलं, हे तिथंही कोणी सांगत नाही. कवितेतला खरा विनोद हा आहे, आणि इझिकेलांनी 'इंग'ची इतकी पखरण केली आहे की तो तिच्याखाली झाकला गेला.

दुरुस्तीत एक गोष्ट मात्र हरवली. 'शी स्माइल्स' म्हटलं की ते वर्तणुकीच्या दाखल्यासारखं वाटतं. चुकीच्या काळात बाई अजून समोर बसून हसत होत्या. त्या सगळ्या भाषणात जिव्हाळा काय तो तेवढ्या चुकीतच होता.

आणि या हसण्याची किंमत काउंटरवर दिसते. 'आय ॲम हॅविंग अकाउंट हिअर' म्हणणाऱ्याच्या मागे रांगेत कोणी हसलं, की तो व्याजाचा प्रश्न न विचारताच पासबुक खिशात घालून निघून जातो. त्याचं खातं खरं, शिल्लक खरी, फक्त काळ चालू. उलट मॅकडोनल्ड्सने २००३ साली 'आय ॲम लव्हिंग इट' म्हणत प्रेमासारखी मुदत ठेव सरळ चालू खात्यात टाकली, तर ती जगभर जाहिरात ठरली! एकाच चुकीला दोन व्याजदर.

कविता जरूर वाचावी. इझिकेलांचा कान फार तिखट आहे. फक्त मोठ्यानं वाचताना आवाज वेडावाकडा न करता वाचावी. हसू येईलच, पण ते 'इंग'वर न येता बुलसार की सुरत या प्रश्नावर येईल. तिथं ते आलं, की पुढच्या निरोप समारंभात दोन शब्द बोलायला उठण्याआधी निदान बाईंच्या वडिलांचं गाव तरी विचारून घ्यावंसं वाटेल.