सभेत सांगितलेली गोष्ट

शरपंजरी पडलेले भीष्म धर्म सांगू लागले, तेव्हा द्रौपदी हसली, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. भर सभेत हे ज्ञान कोठे गेले होते, असे ती विचारते. दुर्योधनाच्या अन्नाने बुद्धी भ्रष्ट झाली होती, असे आजोबा सांगतात. कथा गोड खरी. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ती नाही. मागाहून कोणा भाविकाने वडीलधाऱ्यांची लाज झाकण्यासाठी ती रचली असावी, असा माझा तर्क आहे. युद्धाच्या तोंडावर भीष्म स्वतःच युधिष्ठिराला सांगतात की, माणूस अर्थाचा दास असतो आणि मी कौरवांचा बांधलेला आहे. ही कबुली झाली. अन्नाला दोष देणे निराळे.

व्यासांनी अशी सूट कोणालाच दिलेली नाही. सभापर्व सावकाश वाचावे. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न वकिलालाही शोभेल असा आहे. भीष्म दोन्ही बाजू मांडतात आणि निकाल टाळतात. धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, तेवढा स्पष्ट बोलतो. कर्ण त्याला पोरकट ठरवतो.

वस्त्रहरणानंतर विदुर पूर्वजांची एक गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि ऋषिकुमार सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, यावर प्राणांची पैज लागली आणि निवाडा प्रल्हादाकडेच आला. प्रल्हादही कचरला, पण तो कश्यपाकडे जाऊन विचारता झाला. जाणूनही गप्प राहणाऱ्यावर वरुणाचे हजार पाश पडतात, निंद्य कृत्याची निंदा न करणाऱ्या सभेत निम्मे पाप प्रमुखाच्या माथी येते, असे कश्यपाने बजावले. प्रल्हादाने पोटच्या पोराविरुद्ध निकाल दिला.

समोर धृतराष्ट्र बसला आहे. तोही बाप, तोही राजा. गोष्ट त्याच्या मापानेच बेतलेली! आणि पुढे काय होते? राजे लोक एक अक्षर बोलत नाहीत. कथालेखकाला हा मोह आवरणे किती कठीण, हे मी जाणतो. इतकी नेमकी गोष्ट सांगितल्यावर निदान एकाचे तरी मन पालटावे, असे कोणालाही वाटेल. व्यास तसे करीत नाहीत. पोरांना जुन्या गोष्टी सांगितल्या की काम झाले असे मानणाऱ्या आम्हा मास्तरांना हा अध्याय जड जातो.

धृतराष्ट्र अखेरीस बोलला. पण त्याआधी त्याच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हा ओरडावा लागला.