र. धों. कर्वे आणि झाकलेले मुखपृष्ठ



र. धों. कर्व्यांवर बोलायचे म्हटले की एक ठरलेले वाक्य येते : ‘ते काळाच्या पुढे होते.’ आम्हीही हे वाक्य वर्गात वीसेक वर्षे म्हटले. आज ते मागे घ्यायचे आहे.

खोट कुठे आहे बघा. ‘काळाच्या पुढे’ म्हणजे काय, तर संततिनियमनाचे त्यांचे म्हणणे पुढे सरकारलाही पटले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला, म्हणून आधी त्यांना झालेला दंड हा अन्याय. बरं, सरकारला पटले नसते तर? मग तो दंड न्याय्य ठरला असता का? उपयोग सिद्ध झाला तरच मिळणारे स्वातंत्र्य म्हणजे उधारीचे स्वातंत्र्य.

‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये निघाले. नोकरी आधीच गेलेली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी शंभर रुपये दंड झाला. पण आम्हाला १९३४ चा खटला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तिथे आरोप लेखावर नव्हता, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे ते प्रश्न. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना ज्ञानानेच उत्तर द्यायला हवे, अशी त्यांची भूमिका. खटला हरले. दोनशे रुपये दंड.

आता तो पत्र लिहिणारा वाचक डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरला विचारायची लाज, घरात विचारायची सोय नाही. पिंजऱ्यात उभे होते कर्वे, पण शिक्षा त्या माणसालाही झाली. प्रकाशकाचे स्वातंत्र्य म्हणतो ते निम्मे वाचकाचे असते. हे आपण विसरतो.

कायद्याची फूटपट्टी होती १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिकलिन खटल्याची. ज्याचे मन सहज बिघडेल अशा कुणाच्या हाती मजकूर पडला तर काय होईल, ही कसोटी. म्हणजे सगळ्या घराने बाळाच्या पथ्याचे जेवायचे! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, ती उचलून धरली. २०१४ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी समाजाची प्रचलित मानके आली. सुधारणा खरी, पण मिलला भीती वाटत होती ती याच समाजाची. (हा मिल सतरा वर्षांचा असताना संततिनियमनाची पत्रके वाटताना पकडला गेला होता. हे आम्हाला कुणी शिकवले नाही, आम्हीही फार उशिरा वाचले.) ‘ऑन लिबर्टी’त त्याचे म्हणणे असे की, चुकीचे मतसुद्धा दाबू नये, त्याच्याशी झगडले नाही तर आपले खरे मतही नुसती घोकंपट्टी होते. कर्व्यांना हाच आधार हवा. त्यांची सगळीच मते आज टिकणारी नाहीत.

आणि मुखपृष्ठे? इथे भक्तमंडळी चुळबुळ करतात. ‘समाजस्वास्थ्य’वर नग्न स्त्रीचित्रे असत. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे कर्व्यांचे मत आम्हाला मान्य आहे. तरी स्त्रीच्या लैंगिक हक्कांसाठी भांडणाऱ्या मासिकावर उघडे शरीर बहुधा बाईचेच का, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. विचारावा, छापावा, कर्व्यांशी भांडावे. झाकू नये.

आम्ही मात्र झाकले. महाविद्यालयात जुन्या नियतकालिकांचे एक प्रदर्शन होते. एका अंकाच्या मुखपृष्ठावर आम्ही आमच्या हाताने पांढरा कागद चिकटवला. कुणी सांगितले नव्हते, धमकी नव्हती, कलम नव्हते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, खाली काय आहे?’’

आम्ही म्हणालो, ‘‘काही नाही, पान फाटलंय.’’