गळा कोणाचा, कान कोणाचा?

दलित साहित्याच्या समीक्षेने शब्दाचा हिशेब चोख ठेवला आहे. प्रस्थापित समीक्षकांनी आपले लेखन त्यांच्या मापाने मोजावयास घेतले, तेव्हा आपण ते मापच नाकारले. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' १९८८ मध्ये आले, शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ मध्ये. सौंदर्य कोणाचे आणि आस्वाद कोणाचा, हा वाद त्यामुळे नीट उभा राहिला. परंतु निरक्षर माणसापर्यंत आंबेडकरी विचार छापील पानाच्या आधी जलशातून आणि गाण्यातून पोचला. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि त्यात समाजाचा प्रश्न आणून बसविला. हे सारे आपण लिहिले आहे. हे गाणे कोणत्या गळ्यातून आले आणि त्या गळ्याने शब्दाचे काय केले, हे मात्र लिहावयाचे राहून गेले. फार तर 'पहाडी आवाज' म्हणून आपण पुढे जातो. हे विशेषण आपण सर्वांनाच लावतो, म्हणून ते कोणाचेच वर्णन करीत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शब्दाच्या बाबतीत आपण नकार दिला, कानाच्या बाबतीत तो दिलेला नाही. आपण आपल्या गळ्याने गातो, पण त्या गाण्याचे मोल ठरविताना कान दुसऱ्याचा उसना घेतो.

'गोड आवाज' हे माप निसर्गातून आलेले नाही. बैठकीत शांत बसलेल्या थोड्या श्रोत्यांपुढे गावयाचे असेल तर आवाज हवा तेवढा नाजूक करता येतो. मायक्रोफोनपुढे तर कुजबूजही पोचते. जुन्या जलसाकाराला यातले काहीच मिळाले नव्हते. वस्तीतले उघडे पटांगण, दिवसभर राबून आलेली माणसे, मांडीवर रडणारी मुले, आणि शेवटच्या माणसाला शब्द कळलाच पाहिजे ही अट. अशा वेळी पट्टी चढवावी लागते, गळा मोकळा सोडावा लागतो, व्यंजन ठोसून उच्चारावे लागते. गायक दम घेतो तेवढ्यात झीलकऱ्याने ओळ उचलून धरावी लागते. सुताराला रंधा तशी ही गायकाची कामाची साधने आहेत. 'भीम' हा एवढासा शब्द उच्चारून पाहा. 'भ'ला श्वासाचा जोर लागतो, 'ई'वर स्वर हवा तेवढा ताणता येतो, आणि 'म'वर ओठ मिटले तरी नाद उरतो. चांगला गायक या तिन्ही जागा वापरतो. सुमार गायक पहिल्या जागेवरच सारा जोर संपवतो. हा फरक सांगणे हे समीक्षेचे काम आहे.

हे माप लादले कसे गेले याचे एक उदाहरण देतो. आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती १९७१ च्या सुमारास काही प्रमाणात सैल झाली. या पेटीतून मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव आहेत, ती परदेशी आहे, अशी कारणे दिली गेली. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने त्यांत तथ्यही असेल. पण कव्वाल, भजनी मंडळ आणि वस्तीतली गायन पार्टी यांचे संगीत विद्यालय म्हणजे ही पेटीच होती. तिलाच दाराबाहेर ठेवल्यावर तिच्या आधाराने घडलेले गळे आत कसे येणार?

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदवी घेणारा माझ्या घरातला मी पहिला. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीने भीमगीत गायिले. परीक्षकांच्या शेऱ्यात गीताच्या आशयाची स्तुती होती, आणि पुढे लिहिले होते की आवाज कच्चा आहे, पट्टी विनाकारण चढी आहे. त्यानंतर ती मुलगी मंचावर गायिली नाही. हा शेरा नीट वाचला पाहिजे. आशयाला प्रवेश मिळाला, गळ्याला मिळाला नाही. आपल्या पन्नास वर्षांच्या लढ्याचे अर्धे यश आणि अर्धे अपयश त्या दोन ओळींत आहे.

माझा स्वतःचा कान उल्हासनगरात, कॅम्प १ मध्ये घडला. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. इथे दोन गाणी शेजारी शेजारी ऐकू येतात. एक आमच्या वस्तीतले भीमगीत. दुसरे सिंधी भगत. 'भगत' म्हणजे तो गायकही आणि तो प्रयोगही. पायांत घुंगरू बांधून, अंगात जामा घालून, लोकांच्या मधोमध उभे राहून कथा सांगायची आणि गायचे. या परंपरेतले सर्वांत मोठे नाव भगत कंवरराम यांचे. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधील रुक स्थानकावर त्यांचा खून झाला. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी तो आवाज मात्र बरोबर आणला. भगताचा गळाही उघडा, चढा, गर्दीच्या शेवटच्या टोकाला पोचणारा. सिंधी शेजारी त्याला कच्चा म्हणत नाहीत. त्या गळ्यात त्यांना आपला गेलेला मुलूख ऐकू येतो. म्हणजे कान घडतो तो इतिहासातून. ज्याचा इतिहास त्या आवाजात आहे त्याला तो आवाज पुरता वाटतो. इतरांना तो खरखरीत वाटतो.

याहून दूरचे एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. हवाईयन गिटार हे नाव आपल्याकडे जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहे. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांनी त्या वाद्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. वाद्य इथवर आले, पण ज्या लोकांचे ते वाद्य त्यांचा गळा आला नाही. त्या लोकांचे राज्य १८९३ मध्ये उलथविण्यात आले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ती बेटे आपल्याला जोडून घेतली. मधल्या काळात, १८९६ च्या कायद्याने, शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली. भाषा टिकली ती पुष्कळशी गाण्यात टिकली.

त्यांच्या गायकीत एक विलक्षण गोष्ट आहे. छातीतला आवाज वर चढत जातो आणि एका जागी तुटून माथ्यातला बारीक आवाज लागतो. युरोपीय शिक्षण हा सांधा लपवायला सांगते. आपल्याकडचे गुरुजीही त्या वरच्या आवाजाला 'खोटा आवाज' म्हणतात. हवाईचा गायक तो सांधा मुद्दाम उघडा करून दाखवतो; त्याला ते 'हाई' म्हणतात. लीना मशाडो (१९०३–१९७४) यांची कीर्ती या हाईसाठीच होती. जिनोआ केआवे (१९१८–२००८) एकच उंच स्वर इतका वेळ धरीत की ऐकणाऱ्याचाच दम कोंडावा. इस्राएल कामाकाविवोओले (१९५९–१९९७) या अवाढव्य देहाच्या गायकाचा गळा त्याच्या उलट, अगदी हलका. उकुलेले हातात घेऊन तो हळुवार गायचा, आणि त्याच आवाजात आपल्या हिरावलेल्या भूमीचे दुःखही गायचा. मला या तिघांचे गाणे प्रिय आहे. पण त्याहून महत्त्वाचे हे की, परक्या मापाने जे व्यंग ठरले असते त्याला त्या लोकांनी स्वतःचे नाव दिले, त्याच्या स्पर्धा भरविल्या, ते मुलांना शिकविले. आपल्याकडे असे नाव कोणत्या गुणाला आहे?

तेव्हा आपल्या गळ्यांकडे याच दृष्टीने पाहू. शेजारच्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज वरच्या पट्टीत सुरू होतो आणि तेथेच घर करतो. आरंभीची लांब आळवणी, मग शब्दावर एकदम उतरणे, ही कव्वालीची रीत त्यांच्या गळ्यात मुरलेली आहे. त्यांचा खरा गुण मला वेगळा वाटतो. इतक्या उंचीवरही त्यांचा एक शब्द अस्पष्ट होत नाही. ज्या गळ्याने भीमगीते गायिली त्याच गळ्याने विठ्ठलाची गाणी आणि सत्यनारायणाची कथा गायिली. ज्या घरांच्या ओट्यावर आपल्या माणसाला बसू दिले जात नसे, त्या घरांच्या पूजेत हा आवाज ध्वनिवर्धकावरून वाजला. याला काही मित्र तडजोड म्हणतात. कॅसेटच्या धंद्यात गायकाला पोट असते, हे त्यांनी विसरू नये. पण तो आवाज भक्तीच्या बाजारात ज्यांनी स्वीकारला, त्यांनी भीमगीतातला तोच आवाज का ऐकला नाही, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गळा एकच होता. कान निवड करीत होता.

विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचे सामर्थ्य दुसरे. त्यांच्या 'जांभूळ आख्याना'त एकच माणूस द्रौपदी होतो, कर्ण होतो, आणि वेशापेक्षा आवाजाने होतो. त्यांनी गळा एका जागी बांधून घेतला नाही. कोळीगीत, कव्वाली, पोवाडा, भीमगीत, प्रत्येकाला त्यांनी वेगळा आवाज दिला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, कार्यक्रमाच्या मंचावरच त्यांनी देह ठेवला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची गीते इतरांनी अधिक सुरेल गायिली आहेत. तरीही त्यांच्या स्वतःच्या थकल्या, किंचित घोगऱ्या आवाजात ती ऐकावी. तिथे गाणे आणि बोलणे यांच्यातली भिंत पडते, आणि कवी आपल्याला ओळ समजावून सांगत आहे असे वाटते. विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या माहितीपटात ऐकायला मिळतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपले जीवन संपविले. तो आवाज आज ऐकताना हे विसरता येत नाही, विसरूही नये.

आणि स्त्रिया? गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. जाते ओढण्याच्या श्रमाने त्या सुराची लांबी ठरते. हात जेथे वळतो तेथे ओळ वळते. कडूबाई खरात यांच्या गळ्यात मला हाच वारसा ऐकू येतो. मराठवाड्याच्या या बाईंचा आवाज एकतारीच्या एका सुराभोवती फिरतो. दारोदार गाऊन घडलेला हा गळा मोबाइलवरील चित्रफितींतून महाराष्ट्रभर पोचला. तो कोणत्याही संगीत विद्यालयाच्या परीक्षेत कदाचित नापास होईल. माझ्या वर्गात मात्र तो ऐकवल्यावर मागच्या बाकावरची मुले मान वर करतात.

आता थोडे आपल्याविषयी. चढा आवाज म्हणजे विद्रोह, असा सोपा हिशेब कोणी करू नये. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. छातीत धडधड होते आणि शब्द एकही कळत नाही. जलसाकार शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचावा म्हणून आवाज चढवीत होता. इथे आवाज इतका चढतो की पहिल्या माणसापर्यंतही शब्द पोचत नाही. जी गायकी विचार सांगण्यासाठी जन्मली तिचे हे उलटे टोक आहे. शिवाय नव्या गीतांत बाबासाहेबांचा नुसता देव होऊ लागला आहे. प्रश्न विचारण्याची जागा आळवणीने घेतली, तर गळा कितीही तयारीचा असो, त्याला आपण चांगले म्हणू नये. बाहेरचे माप नाकारायचे असेल तर आपले माप याहून कडक हवे.

ते माप आपल्यालाच तयार करावे लागेल. प्रत्येक वस्तीत एखादा म्हातारा गायक, एखादी ओवी म्हणणारी आजी अजून आहे. विद्यार्थ्यांनी त्यांच्यापुढे बसावे, मोबाइलवर त्यांचा आवाज टिपावा आणि एवढ्यावर न थांबता त्यांना विचारावे: दम कोठे घेता, हा शब्द का ताणता, या जागेला तुम्ही काय म्हणता? त्यांच्या तोंडी त्या जागांची नावे असतील. ती नावे लिहून घ्यावीत आणि आपल्या समीक्षेत वापरावीत. शिक्षकांनी स्पर्धेच्या परीक्षक मंडळात जागा मागावी आणि शेरा लिहिताना ती नावे लिहावीत. पुढच्या एखाद्या मुलीच्या कागदावर 'पट्टी चढी' याऐवजी ती पट्टी कशासाठी चढी होती आणि तिने ती कशी सांभाळली, हे लिहिलेले असावे.