‘लक्षणीय घट नाही’ असं लिहिलंय, पण कोणत्या थरात?

खुल्या कोळसा खाणीला पर्यावरण मंजुरी देताना भूजलाची एक अट सहसा असते. आसपासच्या विहिरी आणि नवे पिझोमीटर यांचं जाळं उभारा आणि मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजा. अट हवीच. पण एवढ्यावर खाणीचा परिणाम ठरवता येतो का? मला वाटतं, नाही.

आधी जमीन समजून घेऊ. आपल्या पारोळ्याखाली बेसाल्ट आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. कोळसा इथे नाही. त्यासाठी महामार्गाने नागपूर आणि तिथून दक्षिणेला चंद्रपूर गाठायचं. तिथल्या दुर्गापूर, सास्ती या खुल्या खाणी वर्धा खोऱ्यातल्या गोंडवाना खडकांत आहेत. कोळसा बराकार थरात, आणि त्यावर बऱ्याच ठिकाणी पाणी धरणारा कामठी वालुकाश्म. कोळशापर्यंत जायचं तर हा जलधर कापावाच लागतो. मग खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं.

पहिला आक्षेप इथेच. गावातली साधी विहीर वरच्या उथळ थराचं पाणी दाखवते. खालच्या वालुकाश्मातलं पाणी चिकणमातीच्या थराखाली दाबाखाली असू शकतं. समजा, दोन्ही थरांतून प्रत्येकी १ मिलिमीटर जाडीच्या थराइतकं पाणी काढलं. वरच्या खुल्या जलधराची विशिष्ट उत्पन्नक्षमता २ टक्के धरली, तर पातळी ५ सेंटिमीटर उतरेल. खालच्या बंदिस्त जलधराचा साठवण गुणांक ०.०००२ धरला, तर ती ५ मीटर उतरेल! आता दोन्हीकडच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली, तर त्या आकड्याला काय अर्थ उरतो, तुम्हीच सांगा.

दुसरा आक्षेप वेळेचा. मोजायच्या आधी शेजारच्या बोअरवर मोटर चालू होती का? पाऊस कधी पडून गेला? वर्षातल्या चार नोंदींत हे कळत नाही. एखादा चांगला पावसाळा उपशाचा परिणाम सहज झाकून टाकतो. दर तासाला नोंद घेणारा स्वयंचलित रेकॉर्डर मोजक्या पिझोमीटरमध्ये बसवला, तरी मोटरची चढउतार आणि पावसाची वाढ ओळखू येते.

तिसरा, माझ्या मते सगळ्यात मोठा आक्षेप: तुलना कशाशी? खाणीच्या प्रभावाबाहेरची, पण त्याच खडकातली आणि तेवढ्याच पावसाची विहीर सोबत मोजली नसेल, तर घट खाणीमुळे की कमी पावसामुळे, हे वेगळं करता येत नाही. खाण सुरू होण्याआधीच्या काही वर्षांच्या नोंदीही हव्यात. खोदकाम सुरू झाल्यावर त्या मागे जाऊन मिळवता येत नाहीत.

हा वाद फक्त पद्धतीचा नाही, बरं का. विहीर आटली की ‘यंदा पाऊसच कमी झाला’ हे उत्तर तयार असतं. ते खरंही असेल. पण खरं-खोटं तपासण्याची सोय नोंदींत नसेल, तर सिद्ध करायचं ओझं विहीरवाल्या शेतकऱ्यावर पडतं. त्याच्याकडे ना पिझोमीटर, ना जुने आकडे.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसाल, तेव्हा विहिरींच्या यादीत तीन रकाने नक्की ठेवा: विहिरीची खोली, ती कोणत्या थरातलं पाणी घेते, आणि मोजण्याआधी उपसा कधी थांबवला. दुसऱ्याचा अहवाल वाचतानाही आधी हेच शोधा. रकाने नसतील, तर निष्कर्षाचं पान तूर्तास बाजूला ठेवा.