गोंडवनाचें विद्यापीठ आणि गोंडी विद्वान

भंडारा जिल्ह्यांत गोसीखुर्द येथें वैनगंगेवरील धरणाचा पाया १९८८ सालीं घातला गेला. त्या धरणाखालून तीच नदी पुढें चांद्याच्या गोंड राजांच्या जुन्या मुलुखांतून गडचिरोलीकडे जाते. 'गोंडवाना' हें नांव मिरविणारें विद्यापीठ गडचिरोलीस २०११ सालीं स्थापन झालें. नांव गोंडांचें खरें. पण तेथील विद्येचीं सूत्रें कोणाच्या हातीं असावीं, हा प्रश्न नांवानें सुटत नाहीं. कै. डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांचे ग्रंथ वाचतांना तो आमच्या मनांत वारंवार आला.

कंगाली नागपूर जिल्ह्यांत जन्मले. त्यांनीं रिझर्व्ह बँकेंत नोकरी केली, आणि गोंडी भाषा, देवदेवता व लिंगोपरंपरा यांवर ते जन्मभर लिहीत राहिले. त्यांचा थोर गुण असा कीं, परका संशोधक जी प्रथा चमत्कारिक म्हणून नोंदतो, तिचा ते कुळाच्या व्यवहारांतील अर्थ सांगतात. चार, पांच, सहा व सात देव मानणाऱ्या कुळांची विभागणी ही निव्वळ देवसंख्या नसून विवाहसंबंधांची व्यवस्था आहे, हें अशा लेखनांतूनच उमगतें.

दोषहि तितकाच स्पष्ट आहे. सिंधु संस्कृतीच्या मुद्रा गोंडींतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न आम्हांस पटत नाहीं. त्या लिपीचा द्वैभाषिक लेख अद्याप सांपडलेला नाहीं. तेव्हां वाचनाची कसोटी कडक हवी. येथें मात्र चिन्हाला अर्थ शोधण्याऐवजीं अर्थाला चिन्ह शोधलें जातें. परंतु हा दोष एकट्या ग्रंथकाराचा नव्हे. विद्वानाला तोलामोलाचा प्रतिपक्ष मिळतो तो विद्यापीठांत. गोंडी जाणणारे परीक्षकच जेथें विरळा, तेथें भक्त मिळतात किंवा उपेक्षक. टीकाकार मिळत नाहींत.

रांचीचें उदाहरण पाहावें. भाषाशास्त्रज्ञ रामदयाळ मुंडा यांनीं तेथील आदिवासी भाषाविभागाची धुरा वाहिली, आणि १९८६ ते १९८८ या काळांत ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरु होते. आसनावर आदिवासी बसला म्हणजे विद्या आपोआप त्याच्या समाजाची होते, असें आम्ही म्हणत नाहीं. अभ्यासक्रम आंखणारा आणि प्रबंध नाकारण्याचा अधिकार असणारा माणूस ती भाषा जाणणारा असावा, एवढेंच आमचें म्हणणें.

२०११ च्या जनगणनेंत सुमारे ३० लाख लोकांनीं गोंडी ही मातृभाषा सांगितली. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचींत तिला स्थान नाहीं. अशा भाषेस विद्यापीठानें आधार द्यावयाचा नाहीं, तर कोणीं द्यावयाचा? कंगालींचें सिंधुवाचन गोंडी बोलणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यानें त्या विद्यापीठांत सप्रमाण खोडून काढावें. कंगालींचा त्याहून मोठा गौरव आम्हांस सुचत नाहीं.