चुकण्याची तयारी नसलेले भाकीत

विज्ञानाच्या वर्गात आपण भाकिताविषयी बोलतो. पण भाकीत चुकले हे कसे ओळखायचे, हा प्रश्न बहुधा राहून जातो. त्या दृष्टीने हाल लिंडसे यांचे 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' हे १९७० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले पुस्तक शिक्षकांनी चिकित्सकपणे वाचण्यासारखे आहे. कॅरोल कार्लसन यांच्या साहाय्याने लिहिलेल्या या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या, १९७९ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. लिंडसे २०२४ मध्ये वारले. त्यांची विचारपद्धती मात्र टिकून आहे.

पुस्तकाचा विषय आहे जगाचा अंतकाळ. ख्रिस्त पुन्हा येणार, ही ख्रिस्ती धर्मातील सर्वसाधारण श्रद्धा आहे. 'रॅप्चर' ही त्यातील एक विशिष्ट कल्पना. श्रद्धावंत मेघांमध्ये प्रभूला भेटण्यासाठी वर घेतले जातील, असा उल्लेख पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. महासंकटाचा काळ सुरू होण्यापूर्वीच खरे श्रद्धावंत पृथ्वीवरून एकाएकी उचलले जातील, अशी मांडणी जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात केली. १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांसहित बायबलमुळे ती अमेरिकेत दूरवर पोचली. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चना ही मांडणी मान्य नाही. तेव्हा येथे चिकित्सा आहे ती एका पुस्तकातील तर्काची, कोणाच्या श्रद्धेची नव्हे.

प्रथम गुण सांगू. लिंडसे यांची भाषा सोपी आहे. अण्वस्त्रांच्या सावलीत वाढलेल्या तरुणांच्या मनातली भीती त्यांनी अचूक ओळखली होती. ते नुसता उपदेश करीत नाहीत, वर्तमानपत्रातील घटना पुराव्यासारख्या मांडतात. पुस्तकाचे यश येथे आहे आणि त्याचा दोषही येथेच आहे. पुराव्याची भाषा वापरली, की पुराव्याचे नियमही पाळावे लागतात.

दोन उदाहरणे घेऊ. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. अंजिराच्या झाडाच्या दृष्टान्ताचा अर्थ लिंडसे या घटनेशी लावतात आणि त्यानंतरच्या एका पिढीत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांत, सारे घडू शकेल असे म्हणतात. 'सुमारे' आणि 'शकेल' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. १९८८ उलटले, काही घडले नाही. पण या दोन शब्दांमुळे भाकीत खोटे ठरले असेही म्हणता येईना.

दुसरे उदाहरण दहा शिंगांच्या श्वापदाचे. दानीएल आणि प्रकटीकरण या ग्रंथांतील ही प्रतिमा लिंडसे युरोपच्या सामायिक बाजारपेठेला लावतात. १९७० मध्ये तिचे सदस्य सहा होते. १९८१ मध्ये ग्रीस आला आणि संख्या दहा झाली, तेव्हा अनेकांना पडताळा आल्यासारखे वाटले असेल. परंतु १९८६ मध्ये ती बारा झाली आणि आज युरोपीय संघात सत्तावीस देश आहेत. दहा हा आकडा जुळला तर पुरावा आणि न जुळला तर 'अजून वेळ आहे', असे असेल तर त्या आकड्याला अर्थ काय राहिला?

याच परंपरेत आधी होऊन गेलेले विल्यम मिलर या बाबतीत अधिक सरळ वाटतात. दानीएलच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे, असे धरून त्यांनी इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजणी केली. २३०० मधून ४५७ वजा केले, उत्तर आले १८४३. पण इसवी सनात शून्य वर्ष नाही. इसवी सनापूर्वी १ नंतर लगेच इसवी सन १ येते. म्हणून उत्तर १८४४ हवे, हे मागाहून लक्षात आले. शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काही शेतकऱ्यांनी उभे पीक काढलेच नाही. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. मिलर यांची पहिली मुदत टळली तेव्हाच त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली होती. त्यांचे गृहीतक चुकीचे होते. पण त्यांचे भाकीत तपासता येत होते.

आता विज्ञानातील भाकीत पाहा. हॅले यांनी आपला धूमकेतू १७५८ मध्ये परतेल असे सांगितले होते. क्लेरो यांनी लालांद आणि निकोल-रेन लपोत यांच्या मदतीने गुरू व शनी यांच्या ओढीचे किचकट गणित केले आणि धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असे आगाऊ जाहीर केले. सोबत हेही सांगितले, की यात महिनाभराची चूक संभवते. धूमकेतू १३ मार्चला त्या स्थानी पोचला, म्हणजे सांगितलेल्या मर्यादेच्या अगदी काठावर. क्लेरो यांनी आपले गणित पुन्हा तपासायला घेतले. 'सुमारे' हा शब्द येथेही आहे. पण तो किती, हे आकड्यात आणि आधी सांगितलेले आहे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. २०११ मध्ये अमेरिकन रेडिओ-प्रवचनकार हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे ही रॅप्चरची तारीख दिली, तेव्हा काही अनुयायांनी नोकऱ्या सोडल्या, आयुष्यभराची पुंजी प्रचारात खर्च केली. दिवस टळल्यावर २१ ऑक्टोबर ही नवी तारीख आली. आपणही दुरून हसू नये. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रहीच्या धास्तीने आपल्या देशात ठिकठिकाणी यज्ञयाग झाले होते.

वर्गात यावर बोलताना कोणाच्या धर्मावर टीका करण्याची गरज नाही. त्या दिवसाची वेळ कोणालाही ठाऊक नाही, असे तर मत्तयाच्या शुभवर्तमानातच सांगितले आहे. विद्यार्थ्यांना एवढेच करायला सांगावे: कोणतेही भाकीत समोर आले, मग ते धर्मग्रंथाच्या नावाने असो, पंचांगाच्या की विज्ञानाच्या, तर काय घडले असता ते चुकले असे मानायचे, हे आधी वहीत लिहून ठेवावे. ते लिहिता आले नाही, तर भाकीत पूर्ण झालेलेच नाही. लिंडसे यांच्या पुस्तकात एवढे एक वाक्य नाही.