व्ह्यूज म्हणजे प्रेक्षक का?

‘पेट’ झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि तुम्ही मथळा टाकलात: ‘डिजिटल माध्यमांचा ग्रामीण मनोरंजनावरील प्रभाव’. थांबा. यात प्रश्न कुठाय?

त्यापेक्षा गडमुडशिंगीजवळचं वसगडे घ्या. २०१६ साली झी मराठीवर सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’चं चित्रीकरण तिथल्या वाड्यात व्हायचं. राणादाचा वाडा बघायला लोक गाड्या करून यायचे. गाव पडद्यावर आलं, हे खरंच. पण कसलं गाव? अडाणी पैलवान आणि शिकलेल्या बाई ही जोडी सुरुवातीला ताजी होती. पुढं वहिनींच्या कारस्थानांवरच भाग भरत गेले. बोली राहिली ती तांबड्या रश्श्यावरच्या तवंगासारखी, वरवर. याचं खापर नुसतं लेखकांवर फोडू नका. रोजचा भाग, मध्ये जाहिराती, आणि बार्कनं निवडलेल्या ठराविक घरांतल्या मीटरवरून दर आठवड्याला रेटिंग. तिथं चालणारी गोष्ट संपवणं परवडत नाही. ही मालिका २०२१च्या जानेवारीपर्यंत चालली.

आता यूट्यूबवरची ‘गावाकडच्या गोष्टी’ किंवा बारामतीकडची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ बघा. रोजची सक्ती नाही, अर्ध्या तासाचा साचा नाही, माणसं आपल्या भाषेत भांडतात. मला आवडतात या मालिका. तरी ‘गावाला आवाज मिळाला’ हे वाक्य लगेच लिहू नका. टीआरपी गेला, पण थंबनेल आलं, आणि पुढं काय सुचवायचं ते ठरवणारं यूट्यूबचं गणित आलं.

आणि व्ह्यूज मोजता म्हणजे नक्की काय मोजता? एकानं तीनदा पाहिलं तर आकडा वाढतो. चौघांनी एका मोबाईलवर मिळून पाहिलं तर वाढत नाही. बघणारे कुठले, किती वेळ थांबले, याचा तपशील चॅनेल चालवणाऱ्याला दिसतो. तुम्हाआम्हाला दिसतो तो नुसता आकडा. कॉमेंट करणारे तर त्यातलेही मोजकेच.

म्हणून गडमुडशिंगीतली वीस घरं निवडा आणि सरळ विचारा: मोबाईल कुणाच्या हातात असतो? हेडफोन लावून बघता की सगळ्यांत बसून? कुठला भाग पुढं ढकलता? टीव्हीच्या काळात संध्याकाळी रिमोट कुणाकडं असायचा, आणि आता काय बघायचं ते कोण ठरवतं? माझ्या मते खरा बदल इथं सापडेल. फक्त सूनबाईंची मुलाखत सासूबाईंसमोर घेऊ नका.